अब्बांचा वाघ

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात एका शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला ‘पालक आणि पाल्य’ या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले आहे. या विषयावर उपदेश करणे फार सोपे आहे. परंतु उपदेश ऐकून आपण सारेच कंटाळलो आहोत, मुलेही आणि आईबापही. म्हणून मी उपदेश न करता आमच्या घरातली एक खरी हकीकत सांगणार आहे. ही हकीकत माझ्या अब्बांची आहे. ती चारचौघांत सांगण्याची परवानगी त्यांनी मला स्वतः दिली होती. “मी असेपर्यंत सांगितलीस तरी चालेल,” असे ते म्हणाले होते. माझेच धाडस झाले नाही. २०१९ साली ते अल्लाहला प्यारे झाले. आज ते ऋण फेडते.

आम्ही मूळचे खेड तालुक्यातले, जगबुडीच्या काठचे. खेडहून पूर्वेला पाहिले म्हणजे सह्याद्रीची भिंत दिसते. तिच्या पायथ्याला चोरवणे नावाचे गाव आहे. वर डोंगरात नागेश्वराची गुहा आहे आणि तिथून पुढे धारेने गेले की वासोटा किल्ला लागतो. नागेश्वराला महाशिवरात्रीला कोकणातली माणसे मोठ्या संख्येने चढून जातात. किल्ला मात्र दाट जंगलात आहे. त्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. या नावामुळेच आमच्या घरातली गोष्ट सर्वांना खरी वाटत आली असावी.

१९६५ साली अब्बांनी एस.एस.सी.ची परीक्षा दिली. त्या मे महिन्यात ते, त्यांचे चुलतभाऊ म्हणजे आमचे मोठे चाचा, आणि शाळेतला त्यांचा चोरवण्याचा एक मित्र, असे तिघे घरी न सांगता वासोट्याला निघाले. या मित्राला आम्ही पुढे ‘काका’ म्हणत आलो. तेव्हा तिघांचेही वय सतरा-अठरा. बरोबर भाकऱ्या, कांदे, भाजलेली सुकट, एक कोयता आणि पाण्यासाठी जर्मनची एक किटली.

आम्ही लहानपणापासून जी गोष्ट ऐकली ती अशी. वासोट्याच्या वाटेवर अंधार पडला. मोठ्या चाचांचा पाय मुरगळला, त्यांना चालवेना. जवळचे पाणी संपले. तेव्हा अब्बा एकटे किटली घेऊन खाली ओढ्यावर गेले. पाणी भरून वळतात तो वाटेत वाघ! अब्बा कातळावर चढून बसले. रात्रभर वाघ खाली आणि अब्बा वर. पहाटे वाघ निघून गेला आणि अब्बांनी भरलेली किटली भावापर्यंत पोहोचवली.

ही गोष्ट अब्बांपेक्षा मोठे चाचाच जास्त सांगत. लग्नाच्या घरी, ईदच्या दिवशी, मुंबईच्या खोलीत पाहुणे जमले की ते सुरू करीत. “माझ्या भावाने माझ्यासाठी वाघाच्या तोंडासमोरून पाणी आणले,” असे ते अभिमानाने सांगत. अब्बा तेव्हा हसून दुसरीकडे पाहत. आम्ही समजत असू की हा त्यांचा विनय आहे. १९९६ साली मोठे चाचा वारले.

आता मी २०११ सालच्या डिसेंबरात येते. अब्बा नोकरीतून निवृत्त होऊन गावी राहत होते. वय चौसष्ट, पण चालणे खडखडीत. माझी मुलगी नववीत होती आणि धाकट्या भावाचा मुलगा सातवीत. या दोघांनी हट्ट धरला की नानांचा वाघ जिथे आला ती जागा आम्हाला पाहायची आहे. (माझी मुलगी त्यांना नाना म्हणे, भावाचा मुलगा दादा.) अब्बांनी पुष्कळ सबबी सांगितल्या. गुडघे दुखतात, थंडी आहे, पुढच्या वर्षी जाऊ. शेवटी चोरवण्याहून काका आले आणि म्हणाले, “चल की रे. आपण दोघे आहोत तोवर मुलांना दाखवू.” मग अब्बांचा इलाज चालेना.

चोरवण्याकडची वाट उभ्या चढाची. ती मुलांना आणि दोन म्हाताऱ्यांना झेपणारी नव्हती. म्हणून आम्ही कुंभार्ली घाट चढून कोयनेवरून साताऱ्याला गेलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कास पठारावरून बामणोलीला उतरलो. तिथून लाँचने कोयनेच्या जलाशयातून सुमारे दीड तासाचा प्रवास करून वासोट्याच्या पायथ्याशी, मेट इंदवलीला पोहोचता येते.

त्या लाँचमध्ये काकांनी मुलांना जे सांगितले ते कोणत्याही धड्यात मावणार नाही. “ज्या पाण्यावरून आपण चाललो आहोत त्याच्या खाली शेते आहेत, देवळे आहेत, घरांची जोती आहेत,” ते म्हणाले. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण १९६४ साली पुरे झाले आणि जावळी खोऱ्यातील कित्येक गावे या पाण्याखाली गेली. त्या गावांतली माणसे कुठे कुठे पांगली. आपल्या घरी जी वीज येते तिच्यासाठी कोणीतरी आपले घर सोडले आहे, हे मुलांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. तेव्हा चोरवण्याची घरे कशी हलली आणि लोकांनी उरलेली रात्र अंगणात कशी काढली, तेही काकांनी सांगितले.

मेट इंदवलीला वनखात्याची चौकी आहे. हे जंगल १९८५ साली कोयना अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. कोयना आणि चांदोली मिळून हा प्रकल्प झाला. चौकीवर आमची नावे लिहून घेतली, प्लास्टिकच्या वस्तू मोजल्या आणि सूर्यास्तापूर्वी परत येण्याची ताकीद दिली. आता तिथे रात्री मुक्काम करता येत नाही. अब्बा वनरक्षकाला म्हणाले, “आमच्या वेळी तुमच्यासारखे कोणी असते तर फार बरे झाले असते.” तो हसला. मला त्या बोलण्याचा अर्थ नंतर कळला.

जंगलात शिरताच ऊन नाहीसे झाले. अंजनी, हिरडा, जांभूळ यांची गर्द झाडी आणि खाली कारवीचे रान. वाटेत ओढा लागतो, तिथे मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत. डिसेंबर असल्याने ओढ्याला झुळझुळ पाणी होते. तिथून थोडे पुढे गेल्यावर माझ्या मुलीने विचारले, “नाना, वाघ कुठे उभा होता?”

अब्बा थांबले. ओढ्याच्या पलीकडे एक मोठा कातळ होता. ते म्हणाले, “असाच कातळ होता. हाच की वरच्या अंगाचा दुसरा, ते आता सांगता येणार नाही.” मग काठी बाजूला ठेवून ते एका दगडावर बसले. भावाच्या मुलाने पुन्हा विचारले, “आणि वाघ?”

अब्बा म्हणाले, “बेटा, वाघ नव्हता.”

आम्हाला वाटले, ते थट्टा करीत आहेत. परंतु त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. ते जे बोलले ते मला जसेच्या तसे आठवते.

“नागेश्वरच्या गुहेत आम्ही दुपारी पोहोचलो. तिथे पाणी होते, सावली होती. हा म्हणाला, आज इथेच राहू, उद्या सकाळी किल्ल्याला जाऊ. मीच ऐकले नाही. दुपार कलल्यावर मी दोघांना ओढत पुढे काढले. धारेवर पाण्याचा थेंब नाही. वाट चुकली, अंधार झाला, भाईचा पाय मुरगळला. चूक माझी होती, म्हणून पाण्याला मीच निघालो. इथवर जे तुम्ही ऐकले ते खरे आहे. ओढा आटलेला होता, पण एका डबक्यात पाणी होते. रुमालाने गाळून मी किटली भरली. तेवढ्यात झाडीत काहीतरी मोठे हलले. फांदी मोडली. अस्वल असेल, गवा असेल, सांबरही असेल. मी पाहिले नाही. मी कातळावर चढलो आणि तिथेच बसलो. थोड्या वेळाने सगळे शांत झाले. पण माझे पाय खाली उतरायला तयार होईनात. वरून हे दोघे कुकारे घालीत होते. मला स्पष्ट ऐकू येत होते. अंतर फार नव्हते, दोनशे पावले असेल. मी ओ दिली नाही. ओ दिली तर जनावराला माझा पत्ता लागेल, असे मला वाटले. भाई पाणी पाणी करीत होता. रात्रभर मी ते ऐकत बसलो. रानकोंबडा आरवला, उजाडले, तेव्हा उतरलो. वर जाताना मनात एकच विचार की आता यांना काय सांगायचे? आणि तोंडातून वाघ निघाला.”

पालकहो, त्या जंगलात आम्ही सात माणसे होतो, पण पाण्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता. अब्बा पुढे म्हणाले, “लाज एका रात्रीची होती. खोटे सेहेचाळीस वर्षांचे झाले. भाईने जिथे तिथे माझी तारीफ केली आणि मी ती ऐकून घेतली. दर ईदला ठरवीत असे की यंदा त्याला सांगेन. तो गेला. आता कोणाला सांगू?”

मग काका बोलले. ते शांतपणे म्हणाले, “वाघ नव्हता हे मला त्याच दिवशी सकाळी कळले होते. तुझ्या मागोमाग मी डबक्यावर गेलो होतो. ओल्या मातीत तुझी पावले होती, वाघाची नव्हती.”

अब्बांनी मान वर करून पाहिले. “मग तू बोलला का नाहीस?”

काका म्हणाले, “किटली तोंडापर्यंत भरलेली होती. तुलाही तहान लागली असेलच की. रात्रभर पाणी जवळ असून तू घोटभरही प्यायला नाहीस. हे मी पाहिले, आणि मग वाघाचे मी काही विचारले नाही.”

मित्रहो, इतकीच हकीकत. अब्बा रडले, आणि त्यांना रडताना आम्ही प्रथमच पाहिले. पुढे आम्ही सावकाश किल्ल्यावर गेलो. वासोटा साडेतीन हजार फुटांहून उंच आहे. वर मारुतीचे आणि महादेवाचे देऊळ आहे, पाण्याचे टाके आहे आणि पडक्या वाड्याचे अवशेष आहेत. इंग्रजांनी १८१८ साली तो घेतला. पश्चिमेच्या कड्यावरून खाली कोकण दिसते. काकांनी मुलांना आपले गाव दाखवले आणि अब्बांनी नागेश्वरची धार दाखवली. तिथेच आम्ही मोठ्या चाचांसाठी दुआ केली. काकाही हात जोडून उभे राहिले.

आता या हकीकतीतून मला काय सांगायचे आहे ते थोडक्यात मांडते.

परतीच्या वाटेवर भावाचा मुलगा गप्प होता. त्याच्या मनातला शूर दादा त्या दिवशी गेला होता. मला काळजी वाटली. भावालाही वाटले की अब्बांनी मुलांसमोर हे बोलायला नको होते. परंतु चार दिवसांनी तोच मुलगा आपल्या बापाजवळ आला आणि म्हणाला, “अब्बा, मी दोन महिने गणिताच्या शिकवणीला गेलेलो नाही. फीचे पैसे माझ्याकडे आहेत. पहिल्या दिवशी सरांनी विचारलेले आले नाही, मुले हसली, म्हणून मी पुन्हा गेलोच नाही. रोज खोटे सांगत होतो.” भावाने विचारले, “मग आज का सांगतोस?” तो म्हणाला, “दादांना सेहेचाळीस वर्षे लागली. मला तितकी नको.”

पालकहो, आपण मुलांना आपल्या शौर्याच्या गोष्टी सांगतो. आम्ही कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, आम्ही अनवाणी चाललो, आम्ही कधी खोटे बोललो नाही. मुले ऐकतात आणि मनात म्हणतात, मी तर असा नाही, मी तर घाबरतो, मी तर नापास झालो. मग ती आपल्यापासून दूर जातात. आपण उभी केलेली आपलीच मूर्ती त्यांच्या आणि आपल्या मध्ये येते. निकालपत्रक लपवणारे मूल बहुधा वाईट नसते. ते कातळावर बसलेले असते. आपण कुकारे घालतो, पण त्याला ओ देण्याचे भय वाटते. अशा वेळी ‘मीही एकदा असाच बसलो होतो’ हे बापाचे शब्द त्याला खाली उतरवतात.

आपल्याच राज्यातले एक उदाहरण देते. जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉक्टर सालिम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहानपणीच ते पोरके झाले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. एकदा त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असे त्यांनी मामांना विचारले. मामा शिकारीचे शौकीन, पण त्यांना ते सांगता येईना. त्यांनी पोराला दटावले नाही आणि काहीतरी ठोकूनही दिले नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेबांकडे पाठवले. तिथे त्या मुलाला पक्ष्यांचे जग उघडले. पुढे १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि १९८५ साली लिहिलेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीचेच नाव दिले. ‘मला माहीत नाही, चल, विचारून घे’ एवढे म्हणण्याने मामा लहान झाले नाहीत, आणि एका अनाथ मुलाचे आयुष्य घडले.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही दोन शब्द. डोंगर, जंगल, नदी पाहायला अवश्य जा. मुलींनीही जावे. माझी मुलगी त्या दिवशी सर्वांच्या पुढे चालत होती. पण अब्बांच्या चार चुका पाठ करून जा. अब्बांनी परतताना लाँचमध्ये त्या बोटांवर मोजून सांगितल्या होत्या. घरी न सांगता निघणे ही पहिली. दुपार कलल्यावर नव्या वाटेला लागणे ही दुसरी. तिघांत एकच किटली घेणे ही तिसरी. आणि रानात एकमेकांपासून वेगळे होणे ही चौथी. मुलीने विचारले, “आणि घाबरणे ही पाचवी का, नाना?” अब्बा म्हणाले, “नाही बेटी. भय अल्लाहने दिलेले आहे, ते राखण करते. ओ न देणे ही पाचवी.”

आमच्या गावच्या घरात ती जर्मनची किटली अजून आहे. बुडाला पोचे आले आहेत, कान तुटला आहे. मोठ्या चाचांनी ती वाघाची निशाणी म्हणून जपली होती. त्यांच्या मुलांना अब्बांनी त्याच जानेवारीत जाऊन सर्व सांगितले. थोरल्या मुलाने ऐकून घेतले, आत जाऊन किटली आणली, धुतली, पाणी भरले आणि अब्बांच्या पुढे ठेवली. “चाचा, तेव्हा प्यायला नव्हता. आता प्या,” एवढेच तो म्हणाला.

आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला जवळ बसवा आणि आपली एक खरी गोष्ट सांगा. वाघ नसलेली. मग त्याची गोष्ट तो आपण होऊन सांगेल.